सात कप्प्यांची डबी

सासूबाईंनी तीस वर्षं औषधाच्या दुकानात कंपाउंडर म्हणून काढली होती आणि त्या तीस वर्षांत एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती. हे आम्ही नाही, त्याच सांगत. येणाऱ्याला सांगत, जाणाऱ्याला सांगत, गॅस दुरुस्त करायला आलेल्यालाही सांगत. नोकरी संपून आठ वर्षं झाली, तरी इमारतीतले लोक त्यांना कंपाउंडरबाईच म्हणत आणि जिन्यात गाठून कंबरदुखीपासून खोकल्यापर्यंत सगळं विचारून घेत. त्याही दोन्ही हातांत पिशव्या असताना, तीन पायऱ्या खाली उतरलेल्या असताना, सगळ्यांना उत्तर देत.

घरात त्यांचा दरबार रविवारी सकाळी दहाला भरे. टेबल पुसायचं, त्यावर कोरा कागद पसरायचा, कागदावर दोन डब्या ठेवायच्या. प्रत्येक डबीला सात कप्पे, सात वारांचे. निळी डबी त्यांची स्वतःची, रक्तदाबाची. पिवळी डबी सुनेची. मोजताना कोणी बोलायचं नाही हा नियम होता, आणि तो त्यांच्या मुलालाही लागू होता. तो लिफ्टदुरुस्तीवाला. दिवसभर अडकलेल्या लोकांशी दाराच्या फटीतून बोलायची सवय, त्यामुळे घरी गप्प बसणं त्याला जड जाई. रविवारी दहाला तो सरळ बाहेर जाऊन उभा राही.

गोळ्यांच्या पाकिटात एक पातळ कागदाची घडी असते. तिच्यावर मुंग्यांची रांग लागल्यासारखी अक्षरं असतात. सासूबाई ती घडी उलगडत, तळहातानं सपाट करत आणि औषधांच्या ड्रॉवरच्या तळाशी अंथरत. वाचत नसत. "वाचून कोणाचं भलं झालंय?" त्या म्हणत. "वाचणारा घाबरतो आणि गोळीच सोडतो. तीस वर्षं बघितलंय मी." खरं कारण असं होतं की ती अक्षरं त्यांना दिसतच नसत. पण ते त्यांनी कधी कबूल केलं नाही.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढच्या खोलीत मालक डोळे तपासायचे, मागच्या खोलीत ही काचा घासायची. वय अडतीस. पांढरा कोट घालून ती यंत्रापुढं बसे. काचेवर शाईचा बारीक ठिपका देऊन मध्य पकडायचा, मग पाण्याच्या धारेखाली फिरणाऱ्या चाकावर काच फ्रेमच्या आकाराची करायची, कडा मारायची, बसवायची. नंबर बरोबर असला आणि मध्य दोन मिलिमीटर चुकला, तरी माणसाचं डोकं दुखतं आणि का दुखतंय ते त्याला कळत नाही. तिच्या हातची काच सहसा परत येत नसे.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. पहिली चार 'बघू, काय घाई आहे' म्हणण्यात गेली. पुढं घाई झाली तेव्हा काही होईना. तिला सारखी थंडी वाजायची, केसांचा पुंजका कंगव्यात यायचा, दुपारी यंत्रापुढं डोळे मिटायचे, पाळी कधी दोन महिने यायचीच नाही. ओळखीतल्या बायका म्हणायच्या, आळस झटक. ती झटकायची, तो पुन्हा बसायचा. शेवटी कोणीतरी रक्त तपासायला सांगितलं आणि आळशी ती नाही, तिच्या गळ्यातली एक इवलीशी ग्रंथी आहे हे कळलं. थायरॉइड मंद चालत होतं. डॉक्टरांनी कागदावर अडीच असा आकडा लिहून त्याभोवती गोल काढला. म्हणाले, "याच्या खाली आणायचं. तोवर दिवस राहणं कठीण, आणि राहिले तरी टिकणं कठीण." तिचा आकडा होता अकरा.

त्यांनी एक पांढरी गोळी दिली. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, चहा तासाभरानं. काही दिवसांनी बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाची लाल गोळी दिली, रोज एक. दोन डॉक्टर, दोन इमारती, दोन चिठ्ठ्या. दोघांची गाठ पडत असे ती फक्त त्या पिवळ्या डबीत.

लाल गोळी कधी घ्यायची हे चिठ्ठीत नव्हतं. ते सासूबाईंनी ठरवलं. "लोह रिकाम्या पोटीच अंगी लागतं," त्या म्हणाल्या. "जेवणावर घेतलं की निम्मं वाया. हे मला माझ्या दुकानाच्या मालकांनी पहिल्या महिन्यात शिकवलं." आणि ते खरंच होतं. म्हणून प्रत्येक कप्प्यात एक पांढरी, एक लाल. दोन्ही एकदम, म्हणजे विसरायची भानगडच नाही.

रोज सकाळी सहाला सासूबाई पाण्याचा पेला घेऊन पलंगाशी उभ्या राहत. "चला सूनबाई, आ करा." ती हसून आ करी आणि गोळ्या तोंडात टाकी. तिची आई ती सात वर्षांची असताना गेलेली. काकूकडे वाढली, तिथं कोणी वाईट वागवलं नाही, पण तिच्यासाठी मुद्दाम उठून कोणी पाणीही आणलं नाही. त्या पेल्याची तिला इतकी सवय झाली की नवऱ्याबरोबर चार दिवस बाहेरगावी गेली, तर तिला सकाळी उगाच चुकल्यासारखं वाटलं.

आकडा मात्र हलेना. अकराचा नऊ झाला, नऊचा दहा. डॉक्टर चष्म्यावरून बघत विचारत, "गोळी चुकते का?" नाही. "रिकाम्या पोटी घेता?" हो. "चहा?" तासाभरानं. दर वेळी ते गोळीची ताकद वाढवत आणि दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर असं दिसे की बाई खोटं बोलतेय. तिला ते फार लागे. घरी येऊन सांगितलं की सासूबाई भडकत. "माझ्या हातची डबी आहे म्हणावं. तीस वर्षांत एक गोळी इकडची तिकडे झाली नाही."

आणि तरीही, आकडा नऊवर असताना, तिला दिवस राहिले.

सासूबाईंनी बाहेर कोणाला चकार शब्द सांगितला नाही, पण दुसऱ्याच दिवशी लहान खोलीतलं शिवणयंत्र ढकलत ढकलत बाहेरच्या बोळात आणलं. एवढं जड यंत्र, एकटीनं. "खोली मोकळी नको का?" एवढंच म्हणाल्या. नवरा त्या खोलीत जाऊन मधोमध उभा राहिला, चारी भिंतींकडे बघून बाहेर आला आणि बूट न काढता बराच वेळ बसून राहिला. डॉक्टरांनी गोळी आणखी वाढवली. कप्प्यात एक पांढरी, एक लाल, तशाच.

अकराव्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, ती एका गिऱ्हाइकाची दूरची-जवळची जोडकाच घासत होती. पोटात कळ आली, मग दुसरी आली, आणि ओलं लागलं. काय झालं ते तिला तिथंच कळलं. तिनं काच घासून पूर्ण केली. गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला जायचं होतं. काच फ्रेममध्ये बसवली, पुसली, पाकिटात घातली, पाकिटावर नाव लिहिलं, आणि मग मालकांना म्हणाली, "मला घरी जायला लागेल."

चादरी सासूबाईंनी स्वतः धुतल्या. मुलाला हात लावू दिला नाही. दोष देणारा एक शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. वरच्या मजल्यावरची एक बाई जिन्यात म्हणाली, "वयही झालं ना हो आता तिचं." सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या गुडघ्याचं औषध यापुढे दुसऱ्याला विचारा." आणि त्यांनी खरोखर त्या बाईला पुन्हा सल्ला दिला नाही. शिवणयंत्र मात्र बोळातच राहिलं. सगळ्यांचे गुडघे त्यावर आपटत. ते परत आत नेऊ या, असं कोणी म्हणत नव्हतं.

पुन्हा प्रयत्न सुरू झाले. दर महिन्याला दिवस मोजायचे, आशा धरायची, आणि मग न्हाणीघरातून बाहेर येऊन काही न बोलता कामाला लागायचं. नवरा म्हणायचा, "लिफ्ट अडकली म्हणजे घाबरायचं नसतं. बटण दाबायचं आणि वाट बघायची." तो मनापासून म्हणायचा. पण त्या लिफ्टमध्ये तो नव्हता.

पुढं एकदा रक्त तपासायला जायचं होतं. ही तपासणी गोळी घेण्याआधी करतात, म्हणून ती पिवळी डबी पर्समध्ये टाकून घेऊन गेली. रक्त घेणारी बाई जुनी ओळखीची. सहा-सात वेळा तिनंच सुई टोचली होती. कापूस दाबून धरत सुनेनं डबी उघडली आणि दोन्ही गोळ्या तोंडाकडे नेल्या.

"थांबा," ती बाई म्हणाली. "ही लाल कसली?"

"लोहाची."

"बरोबरच घेता?"

"हो. रिकाम्या पोटी अंगी लागते ना."

त्या बाईनं सुईचा ट्रे खाली ठेवला आणि तिला हाताला धरून डॉक्टरांच्या खोलीत नेलं. डॉक्टरांनी डबी हातात घेतली. सगळे कप्पे उघडून बघितले. मग खुर्ची जरा पुढं ओढली. आजवर त्यांनी कधी खुर्ची पुढं ओढली नव्हती.

"लोह त्या गोळीला धरून ठेवतं," ते म्हणाले. "पोटातच. रक्तात जाऊ देत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. कधीपासून घेताय अशी?"

"अडीच वर्षं."

"मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. हे त्यांच्याकडून तिला अपेक्षित नव्हतं. तिनं टेबलावरच्या डबीचे उघडे कप्पे एकेक करून मिटले. मग तिनं तो प्रश्न विचारला. बाळ यामुळे गेलं का?

"यामुळेच, असं कोणी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. डबी तिच्याकडे सरकवत म्हणाले, "यामुळे नाही, असंही नाही."

घरी जाताना ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत निघाली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. डॉक्टरांचा, स्वतःचा, आणि सगळ्यांत जास्त त्या तीस वर्षांचा. आयुष्यभर लोकांना बारीक अक्षर दिसावं म्हणून काचा घासल्या, आणि स्वतःच्या गोळीचा कागद एकदा उलगडून बघितला नाही. का बघायचा, घरात कंपाउंडर असताना? तिनं ठरवलं की आज बोलायचं. स्पष्ट बोलायचं. दार सासूबाईंनी उघडलं. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता. "उशीर झाला गं. गोळी घेतलीस ना? चहा टाकते," त्या म्हणाल्या. आणि तिच्या तोंडून फक्त "घेतली" एवढंच निघालं.

त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी, असं म्हणता म्हणता आठवडा गेला. मग तिला कळलं की आपण सांगणार नाही. सांगून काय होणार होतं? गेलेलं परत येणार नव्हतं, आणि असलेलं जाणार होतं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि आईपुढं तर तो उघडं पुस्तकच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सकाळी सासूबाई पेला घेऊन येत. ती पांढरी गोळी गिळे, लाल हाताच्या बोटांत दडवी, आणि पुढं कोटाच्या खिशात टाकी. दुपारी दोनला यंत्र बंद करून ती गोळी घेई. अशा फसवाफसवीची तिला सवय नव्हती. एकदा घामेजल्या बोटांनी लाल रंग सुटला आणि कोटाच्या खिशाला डाग पडला. धुताना सासूबाईंनी विचारलं, "हे काय लागलंय?" "काचा रंगवतो ना, त्याचा," ती म्हणाली. सासूबाईंनी तो डाग दोनदा घासला. गेला नाही.

दीड महिन्यात आकडा नवाचा चार झाला. तीन महिन्यांत दोन. सासूबाईंनी तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला. "बघ. मी म्हटलं नव्हतं? औषधाला वेळ द्यावा लागतो. डॉक्टरला म्हणावं, बघ आता कोण गोळ्या चुकवतं ते." त्यांचा चेहरा असा उजळलेला की बघवेना. रविवारी त्या मोजायला बसल्या की ती समोर बसून त्यांच्या बोटांकडे बघे, आणि कधी वाटे ही डबी उचलून भिंतीवर फेकावी, कधी वाटे त्या बोटांवर हात ठेवावा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आकडा बरोबर आला होता, पण मूल काही राहत नव्हतं. बायकांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता थायरॉइडची अडचण नाही. पण ही अडीच वर्षं मिळाली असती तर बरं झालं असतं." त्यांना काही ठाऊक नव्हतं, त्या सहज म्हणाल्या.

चौथ्या महिन्यात बुधवारी सकाळी पांढरी गोळी जिभेवर ठेवता ठेवता तिच्या लक्षात आलं की ही रोजच्याहून जरा मोठी आहे. ती निळ्या डबीतली होती, रक्तदाबाची. सासूबाईंच्या हातून गोळी इकडची तिकडे झाली होती. तिनं ती गुपचूप बदलली, पण आता गप्प बसून चालणार नव्हतं. उलटसुलट होऊन उद्या त्यांनाच काही झालं तर? डोळे तपासायलाच हवे होते.

सासूबाई दुकानात यायला तयार नव्हत्या. आल्या तेव्हा मालकांनी तक्त्याकडे बोट दाखवायच्या आत त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं धडाधड म्हणून दाखवली. बाहेर बसल्या बसल्या दरवाज्यातून पाठ केली होती, आधीच्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकून. मालकांनी न बोलता तक्ता उलटा केला. मग मात्र त्यांना दुसऱ्या ओळीपासून पुढं काही दिसेना.

काचा तिनं स्वतः घासल्या. दोनदा मध्य तपासला, तिसऱ्यांदाही तपासला. कानामागच्या दांड्या गरम करून त्यांच्या कानांच्या वळणावर बसवल्या. चष्मा डोळ्यांवर चढवून सासूबाईंनी पहिल्यांदा सुनेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तुझे केस पांढरे झालेत की गं." आणि तिच्या कानशिलावर बोट फिरवलं.

मग त्यांना वाचनाचं वेडच लागलं. साबणाचं वेष्टन, नळावरचा शिक्का, चादरीच्या कोपऱ्यातली पट्टी. दुपारी दुकानात फोन करून त्या वाचून दाखवत. "बिस्किटं गेल्या महिन्यातच शिळी झालीत, आणि आपण कालपर्यंत खाल्ली." मालक पुढून ओरडत, "कंपाउंडरबाईंना म्हणावं, चष्मा परत घेतो." ती हसे. कितीतरी दिवसांनी ती हसत होती, आणि त्या हसण्यात तिचं लक्षच राहिलं नाही.

गुरुवारी तीनच्या सुमाराला फोन आला. ती चाकावर काच धरून होती. फोन खांद्यानं कानाशी दाबला.

"आज ड्रॉवर आवरायला काढलेत," सासूबाई म्हणाल्या. "चमच्यांचा झाला. आता औषधांचा घेते. काय कागद साठलेत गं तळाला."

तिनं चाक बंद केलं. काच अर्धी घासलेली होती. त्या मंगळवारी तिनं काच पूर्ण केली होती. आज तशीच सोडून, कोट अंगावर ठेवूनच ती बाहेर पडली. बस येत नव्हती म्हणून पळाली, बस मागून आली म्हणून चढली, आणि जिना चढताना तिला आठवलं की फोनही कोणी बंद केला नव्हता.

बोळात शिवणयंत्रावर गुडघा आपटला. आत सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. ड्रॉवर रिकामा करून उलटा ठेवलेला. समोर ते पातळ कागद एकावर एक रचलेले, अडीच वर्षांचे, तीस तरी असतील. चष्मा डोळ्यांवर होता.

"सगळ्यांत तेच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एखाद्यात वेगळं असेल."

सासूबाईंनी तिच्या कोटाकडे बघितलं, खिशाकडे.

"तो काचेचा रंग नव्हता."

"नाही."

"कधी कळलं तुला?"

"चार महिने झाले, आई."

"म्हणजे चार महिने मी भरत होते, आणि तू..." त्यांनी वरचा कागद उचलला, घडी घातली, पुन्हा उलगडली. "बाळ माझ्यामुळे गेलं?"

"डॉक्टर म्हणाले, तसं कोणी सांगू शकत नाही."

"डॉक्टरांना नाही विचारलं मी. तुला विचारतेय."

या प्रश्नाचं उत्तर तिनं चार महिने तयार ठेवलं होतं. रस्त्यानं चालताना, यंत्रापुढं बसून, शंभरदा म्हणून बघितलं होतं. "नाही," ती म्हणाली. पण म्हणायला तिला जरा वेळ लागला. तेवढा वेळ सासूबाईंना पुरला.

त्यांनी चष्मा काढून कागदांवर ठेवला आणि उठून आत गेल्या.

शुक्रवारी सकाळी पाण्याचा पेला आला नाही, शनिवारीही नाही. जिन्यात कोणीतरी छातीत जळजळ होते म्हणून थांबवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरांकडे जा बाबा. मला काय कळतंय." नवऱ्यानं विचारलं, आईला काय झालंय? तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो आईच्या खोलीच्या दाराशी गेला, दाराला हात लावून उभा राहिला. बंद दारापलीकडच्या माणसांना धीर द्यायचा हा त्याचा रोजचा धंदा, पण त्या दिवशी तो दार न ठोठावताच परत फिरला.

रविवारी सकाळी तिला पाळी आली. गोळ्या वेगळ्या घ्यायला लागल्यापासूनचा हा पाचवा महिना. न्हाणीघरात ती थोडी रडली, नळ सोडून. मग तोंड धुऊन बाहेर आली, टेबल पुसलं, कोरा कागद पसरला. निळी डबी ठेवली, पिवळी ठेवली, आणि आदल्या दिवशी आणलेली तिसरी, हिरवी ठेवली. दहा वाजले. तिनं आत जाऊन सांगितलं, "आई, दहा वाजलेत."

"तुझं तू भर."

"मला नाही येत."

"त्यात काय यायचंय?"

"मला नाही येत, आई," ती म्हणाली आणि चष्मा त्यांच्यापुढं धरला.

बऱ्याच वेळानं त्या आल्या. बसल्या. चष्मा चढवला. पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट उचललं, त्यावरचं नाव वाचलं, पाठीमागचं वाचलं, एक गोळी काढून तळहातावर घेतली. पिवळ्या डबीच्या पहिल्या कप्प्यावर तो हात थांबला. तीस वर्षांत त्यांनी कोणाला काही विचारलं नव्हतं.

"ही बरोबर ना?"

"बरोबर."

गोळी कप्प्यात पडली. मग लाल, हिरव्या डबीत. "आणि ही दुपारची. बरोबर ना?"

"बरोबर."

सोमवार झाला, मंगळवार झाला. प्रत्येक गोळीला त्या विचारत होत्या आणि ती सांगत होती. नवरा या वेळी बाहेर गेला नाही. भिंतीला टेकून गप्प बसला होता. बुधवारची लाल गोळी हिरव्या डबीत पडली, तेव्हा ती म्हणाली, "या महिन्यालाही नाही, आई."

मोजताना बोलायचं नसतं. सासूबाईंनी मान वर केली नाही. चष्म्याच्या काचेवर आतून एक थेंब पडला आणि तो त्यांनी पुसला नाही. त्यातूनच त्यांनी पुढची गोळी काढली आणि तळहात तिच्यापुढं केला.

"गुरुवार," त्या म्हणाल्या. "ही बरोबर ना गं?"

"बरोबर," ती म्हणाली.